पाठ कापलेली खुर्ची

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही भिंगरीसाठी केलेली खुर्ची पोचली. उंच पाठ, दोन्हीकडे हात, गादी, पट्टा! शेजारच्या काकू ही कुठल्या राजाची म्हणून विचारून गेल्या. पोरगी तिच्यात बसते ती थेट न्यायाधीशासारखी.

तुम्ही विचारलंत म्हणून डॉक्टरांचं सांगते. मेंदूत मागे, खालच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो. भिंगरीचा तो जन्मापासूनच अर्धवट घडलाय. फार थोड्या मुलांना असं असतं. तो भाग आता वाढायचा नाही, पण सरावाने ती उशिरा का होईना शिकेल, असं ते म्हणाले. अडीच वर्षांची झाली तरी आधाराशिवाय बसत नाही, याचा मला घोर लागलाय. एकदा आपली आपण बसली, की पुढचं मी निभावेन.

आता रागावू नका. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणतात, खुर्ची फारच चांगली झालीय. सगळं काम खुर्चीच करते, पोरीला काही उरतच नाही. पाठ कमी करायला सांगितलीय.

आईला नमस्कार. राग गेला की लिहा.
तुमची धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. बसणाऱ्यानेच कष्ट करायचे तर खुर्ची करायची कशाला, असं तुझ्या आईला ऐकवलं. ती म्हणाली, तुम्ही सायकलला मागून धरलेला हात कधी सोडलाच नाहीत, म्हणून धाकटीला अजून सायकल येत नाही. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं.

बाईंचं बरोबर आहे. मी पोरीला बसवलं नाही, बांधून ठेवलं.

पाठ एकदम उडवू नकोस. बाईंना विचारून दर रविवारी बोटभर काप. करवत तुला धरता येते, जावईबापूंना देऊ नकोस. कड घासून गुळगुळीत कर. एक कुसळ राहिलं तरी गाठ माझ्याशी आहे. भोवती गाद्या अंथर. खुर्चीचे हात सगळ्यात शेवटी.

सगळ्यांना आशीर्वाद, भिंगरीला पापा.
बाबा

२६ मे

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाठ गेली, पट्टा गेला, हातही गेले. राजाच्या खुर्चीचं स्टूल झालं. एका रविवारी ह्यांनी हौसेने करवत घेतली आणि कड वाकडी कापली, ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय.

सुरुवातीला भिंगरी सारखी कलंडायची. रडायची नाही, गादीवरून माझ्याकडे रागाने बघायची, अगदी तुमच्यासारखी.

आज सकाळी मी कपडे वाळत घालत होते. मागे वळले तर ती फरशीवर बसलेली. कशालाही न टेकता! दोन्ही हातांत कपड्यांचे चिमटे घेऊन एकमेकांवर आपटत होती. डुलत होती, पण बसली होती. ओरडावंसं वाटलं, पण दचकून पडेल म्हणून ओला टॉवेल तोंडात धरून मनसोक्त रडले.

आता स्टुलावर ठेवायला गेलं तर किंचाळते. त्या स्टुलाचं काय करू?

असाच जीव लावा.
तुमची धाकटी

१ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उभ्या आयुष्यात माझी वस्तू कोणी नाकारली नव्हती, नातीने नाकारली. दुकानात येईल त्याला मी हेच सांगतोय. एक गृहस्थ दाराचं माप द्यायला आले होते, ते सगळं ऐकून घेऊन माप न देताच गेले. आई म्हणते, असं चाललं तर दुकान बंद पडेल. पडू दे.

स्टूल कोणाला दे नाहीतर फोडून टाक. माझ्या भिंगरीला ते लागत नाही.

तुझा नापास सुतार,
बाबा