आधी संडास दाखवा

उइटहॉर्न

प्रिय मंजूताई,

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. ठीक आहे. रुचिर शनिवारी सांगलीला यायला निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे. पोटच्या पोराने आणलेलं पत्र काही तू फेकून देणार नाहीस. अर्धवट वाचून उशीखालीही सारू नकोस. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच, हवं तर मला शिव्या घालत वाच. बातमी अशी आहे की मी गाडी घेतली. साधी गाडी नव्हे, घरवाली गाडी. जुनी, पांढरी, अंगावर तपकिरी पट्टा, आत झोपायला दोन जागा, दोन शेगड्या, एक बेसिन आणि एक संडास. इथे तिला कॅम्पर म्हणतात. अजित अजूनही तिला 'तुझं खूळ' म्हणतो, पण काल तिच्या टपावर चढून पाइप घेऊन धूत होता, तेव्हा शीळ घालत होता.

हे खूळ कुठून आलं ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मागची वाट डॉक्टरांनी कायमची शिवून टाकली आणि पोटावर डाव्या बाजूला पिशवी आली. तू मला फोनवर सगळ्यात आधी काय म्हणालीस, आठवतं? कुणाला सांगू नकोस. आणि मी ऐकलं. तिकडे तू सगळ्यांना सांगत राहिलीस की संध्याला रजाच मिळत नाही, इकडे मी घरूनच ऑफिसचं काम करायला लागले. पोहणं बंद. मैत्रिणींबरोबर पॅरिसला जायचं ठरलं होतं, तेही मोडलं. ट्रेनमधला संडास बंद असला तर काय, एवढ्या एका धास्तीपायी मी स्टेशनाचं तोंड पाहिनाशी झाले. बुइटनव्हेल्डर्टला आपल्या मंडळींचा गणपती असतो. तिथे कुणाला तरी कुणकुण लागलीच असणार, कारण मी मोदकांचं पातेलं उचलायला गेले तर तिथल्या स्नेहलने ते अलगद माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, तू बस गं संध्या, दमशील. मी दमले नव्हते, ताई. तिलाही ते ठाऊक होतं. घरी येऊन तुला रडत फोन केला तर तू म्हणालीस, बरोबर आहे तिचं, देवापाशी आता अजितलाच बसू दे. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

मग फेब्रुवारीत एकदा आम्ही आइंडहोवनहून परत येत होतो. हायवेवर पुढे कुठे तरी अपघात झालेला, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या, मग त्याही थांबल्या. आणि माझी पिशवी एका बाजूने सुटली. तुला पुढचं सांगत नाही. मांडीवर कोट ओढून मी खिडकीबाहेर बघत बसले होते, अजित समोर बघत होता. शेजारच्या रांगेत एक कॅम्पर उभा होता. त्यातली म्हातारी आपल्या जागेवरून उठली, मागे गेली, थोड्या वेळाने हात पुसत परत आली आणि नवऱ्याला सफरचंद कापून द्यायला लागली. मला तिचा इतका हेवा वाटला, काय सांगू. मी अजितला म्हटलं, मला असली गाडी हवी. तो हसला, मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

अजितला तू ओळखतेस. कुकर घ्यायचा तरी हा माणूस आठवडाभर तुलना करतो. त्याने तक्ता केला, किती किलोमीटर पळाली, टायमिंग बेल्ट कधी बदलला, टायर कुठल्या सालचे. रुचिर आर्नहेमहून यायचा, सोबत भिंतीतली ओल शोधायचं छोटं यंत्र घेऊन. जुन्या कॅम्परला आतून ओल लागते आणि वरून कळत नाही, असं त्याने कुठे तरी वाचलेलं. मला यातलं काही कळत नव्हतं. माझी परीक्षा एकच होती. विकणारा माणूस टीव्ही दाखवायचा, दाराबाहेरची कापडी छत्री कशी उघडते ते दाखवायचा, सायकली अडकवायची सोय दाखवायचा आणि मी म्हणायचे, आधी संडास दाखवा. आत जाऊन मी दार लावून घ्यायचे आणि तिथेच उभी राहायचे. हात पुरतो का बेसिनपर्यंत? गरम पाणी लवकर येतं का? सामान ठेवायला सपाट जागा आहे? आणि आरसा. सगळ्या कॅम्परमध्ये आरसा पुरुषांच्या दाढीच्या उंचीवर असतो, मला तो पोटाच्या उंचीवर हवा. पहिल्या दुकानात आम्ही तिघांनी बाहेर बूट काढून ठेवले, ते बघून तिथला पोरगेला विक्रेता आधीच गोंधळला होता. मी संडासात शिरून बाहेर येईना, तेव्हा तो अजितला विचारायला लागला, मॅडमना बरं नाही का? अजितचे कान लाल झाले. मी बाहेर येऊन म्हटलं, मॅडम ठणठणीत आहेत, तुमचा संडास अरुंद आहे.

दुसरीकडे तर आत पाऊल टाकताच लॅव्हेंडरचा असा भपकारा आला की मला शिंका सुरू झाल्या. मालक गोड बोलत होता. रुचिरने आपलं यंत्र कोपऱ्यात टेकवलं तर ते किंचाळायलाच लागलं, आणि भिंत बोटाने दाबली तर भिजलेल्या टोस्टसारखी आत गेली. तिसरी गाडी चांगली होती, पण ती मुळातच इतकी जड की सामानाला वजन उरत नव्हतं. साडेतीन टनांच्या वर गेलं की आमचं लायसन्स चालत नाही. अजितने घरी येऊन कुकर, पोळपाट, डाळींचे स्टीलचे डबे, इडलीपात्र, सगळं बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवलं आणि शेवटी मलाही उभं केलं. मी म्हटलं, पिशवीसकट लिही. ऑपरेशननंतर त्या शब्दावर आम्ही पहिल्यांदा हसलो असू.

मग आर्नहेमच्या पुढे एका खेड्यात वील्माबाई भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेलेला, एकटीने चालवायचा कंटाळा आला म्हणून गाडी विकायला काढलेली. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आधी संडास दाखवा. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि डच माणूस विचारतो तसं तोंडावर विचारलं, का? संडासच का आधी? ताई, तोवर मी प्रत्येक ठिकाणी काही तरी थाप मारली होती. त्या दिवशी का कोण जाणे, तोंडातून सरळ निघून गेलं की मला स्टोमा आहे. इथे पिशवीच्या त्या जागेला स्टोमाच म्हणतात, चष्मा म्हणावं इतक्या सहज. अजितने दचकून माझ्याकडे पाहिलं. वील्माबाई म्हणाल्या, बरं, मग आरसा खाली घ्यावा लागेल, स्क्रू चार आहेत, तुमच्या माणसाला जमेल ना? झालं. पुढे त्या इंजिनाकडे वळल्या. अजितने वाटाघाटी सुरू केल्या, माझ्याकडे बघत जरा केविलवाणा सूरही लावला. बाईंनी ठणकावून सांगितलं की स्टोमा गाडीला नाही, बाईला आहे, किंमत आहे तीच राहील. मला तिथल्या तिथे त्यांना मिठी मारावीशी वाटली. दोन वर्षांत मला कुणी इतकं धडधाकट माणसासारखं वागवलं नव्हतं.

तरी आम्ही विचार करून कळवतो म्हणून निघालो. परतीच्या वाटेवर रुचिरने गाडी पेट्रोल पंपावर घेतली, बंद केली आणि उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून त्याने मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी खाली उतरले, पंपाभोवती एक चक्कर मारली आणि तिथूनच वील्माबाईंना फोन लावून म्हटलं, गाडी मी घेतली, कुणाला दाखवू नका. रुचिरने काय सांगितलं ते शेवटी लिहिते.

गाडी आली त्या दिवशी नारळ, लिंबं, हळदकुंकू सगळं मी आदल्या दिवशी आणून ठेवलं होतं. अजितने सवयीने पूजेचं ताट हातात घेतलं. मी ते त्याच्याकडून काढून घेतलं. बॉनेटवर स्वस्तिक मी काढलं, चाकांखाली लिंबं मी ठेवली आणि नारळ असा फोडला की पाणी शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत उडालं. पिशवी पोटावर होती, भरलेली होती. देवाची काही तक्रार आली नाही. शेजारी मात्र आले. नारळाची तक्रार करायला नव्हे, गाडी घरासमोर फार दिवस उभी करता येत नाही, हा खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा नियम सांगायला. मी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. आता ती एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी असते. ती चालवते मी. अजित शेजारी बसून ब्रेकच्या जागी आपला पाय दाबत असतो.

गेल्या आठवड्यात आम्ही झीलंडला समुद्रावर गेलो. रात्री वरच्या बिछान्यावर झोपलो, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा जो माळा असतो तो, शिडी चढून. सकाळी वाळूत चालताना पुन्हा तेच झालं, पिशवी सुटली. मी गाडीत आले, दार लावलं, गरम पाणी सोडलं, पोटासमोरच्या आरशात बघून नवी पिशवी लावली, हात धुतले आणि चहा टाकला. अजितला कळलंसुद्धा नाही. बाहेर वारा सुटला होता, चहात वाळू गेली, तरी मी दोन कप प्यायले. बाकी काही झालं नाही, ताई. हेच तुला सांगायचं होतं, की बाकी काही झालं नाही.

आता पेट्रोल पंपावरचं. माझं दुखणं निघालं तेव्हा इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं, आणि मी तुझा पिच्छा पुरवून अखेर तुला मिरजेला पाठवलं. रिपोर्ट आले, ते तू मला सांगितले नाहीस. रुचिरने सांगितले. वेळेत सापडलंय, काढलं की तू वाचशील, पण पिशवी कायमची लागेल. आणि तू डॉक्टरांसमोर म्हणालीस की संध्यासारखं जगण्यापेक्षा मेलेलं बरं. तुझा एवढा मोठा मुलगा हे सांगताना स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मला आधी तुझा संताप आला, अजूनही आहे. संध्यासारखं म्हणजे कसं गं? तुला काय ठाऊक मी कशी जगते? तूच मला लपायला लावलंस आणि लपलेल्या बाईवरून अंदाज बांधलास. म्हणून वर सगळं लिहिलंय, संडासापासून चहापर्यंत. संध्यासारखं म्हणजे हे असं. कृष्णेच्या घाटावर माझ्या पाठीला डबा बांधून, मी किंचाळत असताना, तू मला पाण्यात ढकललं होतंस. म्हणाली होतीस, बुडत नाही कुणी, हात मार. आता माझी पाळी आहे. रुचिर सुट्टीवर आलेला नाही, तुला घेऊन दवाखान्यात जायला आलाय. बॅग भर आणि मुकाट्याने त्याच्याबरोबर जा. बरी झालीस की इकडे ये, येताना भडंग आण. आरशाखाली मी अजितकडून दोन फळ्या मारून घेतल्या आहेत, एकीवर माझ्या पिशव्या आहेत आणि दुसरी रिकामी आहे. खालचा बिछाना संडासाला लागून आहे, तो तुझा. मला शिडी चढता येते.

तुझीच, पाण्यात ढकललेली,
संध्या