काचवाल्या मास्तरांचा सत्कार

गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीव बाळास आईचे आशीर्वाद.

इकडे आम्ही बऱ्या आहोत. ताईच्या घरची तुंबलेली मोरी तू पाच दिवस दुरुस्त करतोयस, म्हणजे ती मोरी आहे की धरण? फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. मी सांगतेय, बारकी लिहितेय. अक्षर ओळखलंच असशील. पोटच्या पोरीचं अक्षर दिसलं म्हणून फाडू नकोस, शब्द माझे आहेत.

कॉलेजातल्या तुमच्या विभागाचा सत्कार समारंभ तू अर्धाच पाहिलास, उरलेला सांगते. प्रमुखांचं पाऊण तासाचं भाषण तू ऐकलंसच. रसायनशास्त्र म्हणजे काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांना घरी कुणी टोकत नाही एवढं कळलं. मग संशोधनाचं बक्षीस मिळालेल्या बाई, मग विद्यार्थ्यांत पहिली आपली बारकी. माइकवर तिने सरांचे आभार मानले, बाईंचे मानले, ग्रंथालयातल्या काकांचे, अगदी पंखा दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा. तुझं नाव नाही. तू उठलास. मी शर्ट धरला, तो सोडवून घेऊन निघून गेलास.

पाच मिनिटांत तुझाच पुकारा झाला. ‘सव्वीस वर्षं आपली काचेची उपकरणं घडवणारे, फुटलेली सांधणारे काचवाले मास्तर!’ टाळ्या झाल्या, माणूस नाही. पुन्हा पुकारा. मग काय करणार, मीच गेले.

पुढचं सांगायची मला घाई नाही. खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. चहा कोमट होता. कपाला कान नव्हता.

बारकी म्हणतेय, “आजी, चहाचं पुरे.”

बरं. प्रमुखांनी विचारलं, “आजी, आपण मास्तरांच्या कोण?” मी म्हटलं, “आई. आणि ही बक्षीस घेऊन उभी आहे ना, ती त्याची मुलगी.” माइक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं. प्रमुख म्हणाले, “चार वर्षांत आम्हाला कसं कळलं नाही?”

कसं कळणार! तुम्ही दोघं नाटकात शोभाल. हिचं भांडं फुटलं की ही तुझ्या खिडकीशी रांगेत उभी राहणार, आणि तू चष्म्यावरून बघून विचारणार, “नाव काय तुमचं?” सकाळी हिच्या पिशवीत छत्री कोंबलेली असायची तूच!

घरी येऊन मी हिला फैलावर घेतलं. “बापाचं नाव घ्यायला जीभ अडखळली का गं?” तर रडत म्हणाली, “भाषणाच्या कागदावर पहिलं नाव त्याचंच होतं, आजी. तिथे उभी राहिले आणि तुझी ताकीद आठवली.”

आता ऐक. हिला प्रवेश मिळाला तेव्हा ‘कुणाला सांगू नका, लोक म्हणतील बापाने आत घुसवली’ असं कोण म्हणालं होतं? मीच. गोळी वेळेवर घे म्हटलं तर घेत नाहीस, लवकर झोप म्हटलं तर ही झोपत नाही. माझं एकही न ऐकणारी माणसं तुम्ही, आणि हे तेवढं चार वर्षं पाळलंत! पाच दिवस मी तुझ्यावर चिडले, हिच्यावर चिडले, भांडी आपटून झाली. आता चिडायला मी एकटीच उरलेय.

बक्षीस मिळालेल्यांचा फोटो प्रमुखांनी थांबवून ठेवलाय. सोमवारी दहाला काढणार, वर्षभर विभागाच्या भिंतीवर राहणार. हिने त्यांना बजावलंय, मास्तर नसतील तर मीही नाही. म्हणजे तू नाही आलास की भिंतीवर बाप नाही आणि लेकही नाही. कुणाचा हट्ट उचललाय ते मला विचारू नकोस.

आता मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. खाली जागा सोडायला लावलीय, ती हिची. मला वाचता येत नाही, तेव्हा ही काय लिहील ते तुम्हा दोघांतच राहील.

तुम्हा दोघांपुढे हात टेकलेली,
तुझी आई

बाबा, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. सोमवारी मी फाटकापाशी थांबते. तू आल्याशिवाय आत जाणार नाही.
तुझी बारकी