माझ्या पोरीच्या वाट्याचं दूध

आई, तू गेलीस त्याला चाळीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी भांडले नाही, कारण जितेपणी तू भांडू दिलं नाहीस आणि गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. मग बोलायचं कुणाला? जित्यांना ऐकायला वेळ कुठं आहे? ही माझी नात, माझ्या लेकीची लेक, दीड महिन्याचं पोर मांडीवर घेऊन मी बोलते ते कागदावर उतरवते आहे. मध्येच नीटनेटकंही करते. करू दे, शिकलेली आहे. तिला कारेगावला कंपनीत परत कामाला जायचंय, म्हणून काल तिनं मला विचारलं, "आजी, अंगावरच पाजू का दिवसा बाटली लावू?" ऐंशी वर्षांत पहिल्यांदा हे मला कुणी विचारलं. आधी मी हसले. मग तुझा इतका राग आला, की बशीतला चहा लुगड्यावर सांडला. म्हटलं, घे कागद.

न्हावरे गावातलं आपलं घर आठव. मी सतराची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तूही पोटुशी. शेजारणी ओट्यावर बसून म्हणायच्या, "मायलेकी एकाच बाजंवर निजणार गं!" तू पदर तोंडाला लावून हसायचीस, मला वाटायचं जमिनीत जावं. मला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी तुला मुलगा. माझ्यामागचे तुझे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. ते मी विसरले नाही, म्हणून तर आजवर गप्प राहिले. तुला ताप भरला, दूध आटलं. आबा तेव्हा दौंडला रेल्वेत, इंजिनावर कोळसा ओढायला. ते आले तेव्हा पिशवीत काचेची बाटली होती, होडीच्या आकाराची, टोकाला रबरी बोंड. साहेबाच्या घरी पाहिली होती म्हणे. मला वाटलं धाकट्याला, तुझ्या पोराला आणली. मी ती राखेनं घासून तुझ्या उशाशी ठेवली.

तू म्हणालीस, "हिकडं कशाला? तुझ्या पोरीला हाय ती."

"आन् ह्याला?"

"ह्याला तू हाईस की."

मी आबांकडं पाहिलं. ते दाराकडं तोंड करून तंबाखू मळत होते, जणू गावात तेवढं एकच काम उरलं होतं. तू म्हणालीस, "पोरीची जात चिवट, बाटलीवर बी जगती. ह्यो न्हाई जगायचा." झालं, ठरलं. दूध माझ्या अंगात आणि निकाल तुझ्या तोंडात.

पण माझं अंग तुझं ऐकेना. धाकटा ओढून ओढून दमायचा, दूध उतरायचं नाही. मग तुला गोठा आठवला. गाय पान्हावली नाही की आपण वासराला दोन घोट पिऊ देतो, कासेत दूध उतरलं की त्याला ओढून दाव्याला बांधतो आणि खाली चरवी धरतो. तसंच तू केलंस. आधी माझी पोर लावायचीस, दूध भरभरून आलं की तिच्या ओठात बोट घालून तिला सोडवायचीस आणि धाकट्याला लावायचीस. ती तोंड उघडं टाकून हवाच चोखत राहायची. मग तिला बाटली, आणि बाटलीत आपल्या गाईचं दूध पाणी घालून. म्हणजे बघ, वासराचं दूध माझ्या पोरीला, माझ्या पोरीचं तुझ्या पोराला, आणि वासराला कडबा. मोठी कारभारीण तू! ही नात लिहिता लिहिता हसते आहे. हस बाई, तुझ्याच आईची गोष्ट आहे.

महिन्याच्या आत पोरीला हगवण लागली. मान टाकली, रडायचंही सोडलं. चिवट म्हणालीस ना? तिला एसटीनं शिरूरला नेलं, तेव्हा धाकट्याला घेऊन तूही आलीस. त्याला वाटेत भूक लागली तर दूध बरोबर असावं म्हणून. दवाखान्यातल्या नर्सबाईनं पोरीआधी बाटलीच हुंगली.

"उकळता का ही?"

तू म्हणालीस, "राखेनं घासतो की."

तिनं बोंड उलटं करून दाखवलं. आत आंबलेल्या दुधाचा पिवळा थर. राखेचा हात तिथं पोचतच नव्हता, आणि तो हात माझा होता. मग तिनं विचारलं, "ही बाळंतीण पाजते कुणाला?" मी म्हटलं, "भावाला." ती म्हणाली, "दोघांना पाज. एक इकडं, एक तिकडं. पिणारे दोन झाले की दूधही वाढतं."

तू म्हणालीस, "एका गाईला दोन वासरं लावली तर दोन्ही खंगत्यात, बाई."

"आजी, ही गाय नाही," नर्सबाई म्हणाली. आजी म्हटल्याचा तुला राग आला. मला मात्र सतराव्या वर्षी बातमी कळली, की मी गाय नाही.

स्टँडवर, लिंबाखाली, मी पोरीला पदराखाली घेतलं. तिच्यात ओढायचं बळ नव्हतं. मी पिळून पिळून तिच्या ओठावर सोडत होते. धाकटा तुझ्याजवळ किंचाळत होता. तू म्हणालीस, "सोड तिला, ह्याचा घसा सुकला."

"सुकू दे. आधी ही."

एसटीतले लोक खिडकीतून बघत होते. एवढं मोठ्यानं मी तुला त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही. सासरी जाईपर्यंत तू माझ्याशी धड बोलली नाहीस. पण दोघं जगली. धाकटा दाराच्या चौकटीएवढा झाला, साठी उलटली तरी दर भाऊबीजेला ताटावर बसून म्हणतो, "अक्का, तुझ्या दुधाची ताकद ही!" माझी लेक त्याला भाकरी वाढत असते. ती दोन वर्षांची होईपर्यंत चालली नव्हती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बाटलीवर माझा राग नाही गं. नातीला म्हटलं, लाव, नाहीतर नको लावू. लावलीस तर उकळ. पोर तुझं, अंग तुझं, तूच ठरव. माझा राग, मला कुणी विचारलं नाही, त्याचा आहे.

आता राहिलं एवढंच. हे पाठवायचं कुठं, तर कुठंच नाही. डब्यात पडून राहील. आणि पुढची ओळ, पोरी, तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. आई, एका दुपारी तू तापात झोपली होतीस. घरात दुसरं कुणी नव्हतं. माझी पोर पीत होती, चांगली लागली होती. आणि मी स्वतः, माझ्या हातानं, तिच्या ओठात बोट घालून तिला सोडवलं आणि धाकट्याला लावलं. मला वाटलं, तू उठशील, त्याचं पोट भरलेलं बघशील आणि म्हणशील, गुणाची गं माझी. तू उठलीस, त्याच्या पोटावरून हात फिरवलास, आणि काहीच म्हणाली नाहीस.