जप्तीत गेलेले चेहरे

आप्पा, तुमचा फोटो स्टुडिओ अजून मीच चालवते. तुम्ही गेल्यापासून जे सांगायचं ते तुमच्या फोटोला उदबत्ती लावताना मनातल्या मनात सांगत आले. हे मात्र तिथे उभं राहून बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाजारचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सिन्नरला साखरपुड्याचं काम होतं, म्हणून मी दारात उभी राहून कॅमेरा तपासत होते. समोर पोलीस भाजीवाल्यांना उठवत होते. मेथीवाली मावशी, तुमच्या वेळीही तिथेच बसायची ती, टोपली उचलायला वाकली आणि एका पोलिसाची काठी तिच्या मनगटावर बसली. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. नंतर मावशीच्या मुलीने मागितला म्हणून तो व्हिडिओ मी तिच्या फोनवर पाठवला आणि दोन दिवसांत तो गावभर फिरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार पोलीस दुकानात शिरतात. "व्हिडिओ तूच काढलास?" मी हो म्हणते. वाटतं, तेवढाच मागतील. ते कॅमेरा घेतात, कॉम्प्युटरच्या वायरी उपटतात, सगळ्या हार्ड डिस्क पोत्यात भरतात आणि मग तुमचं लोखंडी कपाट उघडून निगेटिव्हची खोकीसुद्धा बाहेर काढतात. "साहेब, ती माझ्या वडिलांच्या काळातली आहेत, लोकांची लग्नं आहेत त्यात. जप्तीचा कागद तरी द्या, निदान पावती." त्यांचा साहेब हसतो. "पावती? आम्ही काय अल्बम न्यायला आलोय? जास्त बोललीस तर तुलाही गाडीत बसवू." शेजारच्या किराणावाल्याने शटर अर्ध्यावर ओढून घेतलेलं मला दिसतं.

त्या दिवसापासून तुमचं एक रागावणं सारखं आठवतं. मी दहावीत होते. हललेल्या फोटोंच्या निगेटिव्हची एक पट्टी मी केरात टाकली होती. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, पण डार्करूममधल्या त्या लाल उजेडात म्हणालात, "चेहरा लोकांचा आहे, आपल्याकडे ठेवायला दिलाय. टाकणारी तू कोण?" मग ती पट्टी केरातून शोधून, धुऊन, वाळत घालायला लावलीत. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता.

नाशिकच्या एका वकीलबाईंनी माझं प्रकरण कोर्टात नेलं. न्यायाधीशांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पंचनामा कुठे आहे?" तो नव्हताच. सामान परत द्या, असा हुकूम झाला. मी ते आणायला गेले तर डिस्क कोऱ्या होत्या आणि भिजून चिकटलेल्या निगेटिव्हचे नुसते गठ्ठे उरले होते. हवालदाराने कागद पुढे सरकवला, "सगळं सुस्थितीत मिळालं, इथं सही कर." वकीलबाई सोबत नव्हत्या. मी सही केली. आता दुकानासमोर बुलेट थांबली तरी मी काउंटरमागे सरकते. परवा एका नवरीचा फोटो काढताना माझाच हात हलला.

गेल्या आठवड्यात मावशी आली. मनगट वाकडंच जुळलंय. "ताई, पोरीनं त्या पोलिसावर केस केली. वकील म्हणतो फोनवरचं नाय चालायचं, मूळचा व्हिडिओ लागंल. तुझ्याकडं हाय का गं?"

"नाही मावशी. सगळं पुसलं त्यांनी."

"असू दे. तू तरी काय करशील?" म्हणाली, आणि मेथीची जुडी काउंटरवर ठेवून निघून गेली.

आप्पा, पोलीस आले त्याच सकाळी मी कॅमेऱ्यातलं कार्ड बदललं होतं. मूळ व्हिडिओ माझ्याकडे आहे. मावशीला सांगितलं नाही, वकीलबाईंना नाही, घरात कोणालाच नाही. हा कागद लिहून झाला की मी गॅसवर जाळणार आहे, आणि तरीही ते कार्ड कुठे ठेवलंय ते यात लिहायची माझी हिंमत होत नाही.