रस्त्याकडची खोली सूनबाईच्या इंग्रजीला

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा तिसरीपर्यंत, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासलंय. कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय.

१. शिवणयंत्र आणि मोठी कात्री मुलीला. त्या कात्रीनं कागद कापलास तर बघ!

२. घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. मात्र रस्त्याकडची खोली माझ्या पश्चात सूनबाईची, इंग्रजीचा वर्ग चालवण्यासाठी. तिच्यात कुणी वाटेकरी नाही.

कारण लिहून ठेवते. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या साहेबांसमोर सूनबाई ‘आय डिडन्ट वेन्ट’ म्हणाली आणि आमचे चिरंजीव खो खो हसले. त्यानंतर तिनं इंग्रजीत तोंड उघडणंच सोडलं. शेवटी मीच वही काढली. म्हटलं, “मला शिकव गं. माझ्याएवढी तर तू चुकणार नाहीस!”

तेव्हापासून दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी टेबलाशी. डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती. ‘डिडन्ट’ आलं की पुढे ‘गो’. भूतकाळ एकदा सांगून झाला, एका काजाला दोन बटणं कशाला? ‘शी डोन्ट’ नाही, ‘शी डझन्ट’. ‘आय अॅम हॅविंग वन सन’ नाही, ‘आय हॅव वन सन’. तो एकच पुरे झालाय. चुकलेलं उसवायचं, शिवणारीवर डाफरायचं नाही, एवढंच मला येत होतं. बाकी सगळं तिनं शिकवलं.

३. बटणांची बरणी चिरंजीवांना. आमच्या टेबलाचा नियम असा, की चुकणाऱ्याला माफी, पण हसणाऱ्यानं अंगावरच्या शर्टाचं बटण तोडून बरणीत टाकायचं. बरणी त्याच्याच बटणांनी भरलीय. स्वतः मात्र ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. ‘अबाउट’ लागत नाही रे बाळा. तरी तू माझा लाडका आहेस, हेही नोंदवून ठेवते.

एवढं लिहून झाल्यावर सूनबाईनं वाचलं. “आई, अहो, अजून माझंच चुकतं. मी कुणाला काय शिकवणार?” मी सहीसाठी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात आमचे डॉक्टर आणि समोरची नर्स साक्षीला आले. नर्स कागद वाचून, सहीसाठी पेन उघडता उघडता म्हणाली, “वहिनी, पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे, इंग्रजीत. तोंड उघडलं की येतं तेही विसरते. मला घ्याल का शिकायला?”

सूनबाईनं पदराला हात पुसले. परत पुसले.

“सोमवारी या,” ती म्हणाली. “चार वाजता.”

सबब, कलम दोनमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द रद्द. त्या जागी ‘येत्या सोमवारपासून’ असं वाचावं. बदल माझाच, साक्षीदारांसमक्ष, आणि लिहिताना मला हसू आवरत नाही.

सही: शिवणवाल्या आजी
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर २. समोरची नर्स
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: अकरा, शुक्रवार