लाल पट्टीची नळी

३ फेब्रुवारी

बाबा पुन्हा जिन्यात घसरले. लागलं नाही. 'पायरी सरकली,' म्हणाले. पायरी! लहान मेंदूच्या दुखण्यानं चार वर्षं चाल डुलतेय. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि खालच्या मजल्यावरची बाई मला धीर देते — 'सुटेल गं त्यांची सवय.'

प्रयोगशाळेतलं लाल चिकटपट्टीचं रीळ घरी आणलं. पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या लावल्या. रीळ संपलं.

४ फेब्रुवारी

उंदरांच्या मेंदूतल्या पेशींचे निरोप टिपणाऱ्या यंत्राच्या दोन्ही नळ्या बदलल्या. एकीतून नुसतं खारं पाणी, दुसरीतून औषध. औषधाच्या नळीला लाल पट्टी लावायचा नियम आहे, कारण औषध आत चिकटून बसतं, कितीही धुवा. पट्टी जिन्यात. औषध सोडून पाहिलं, मग दोन्ही नळ्या धुऊन परत लावल्या. लक्षात ठेवीन.

१९ फेब्रुवारी

सापडलं!!

लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींना शेजारच्या बारक्या पेशी सतत आवरत असतात — थांब, आता नको, हळू. त्या आवरण्यामुळे चाल सरळ राहते. गेल्या महिन्यात धडधाकट उंदरांत हे पडद्यावरच्या रेघेत खळग्यांसारखं लख्ख दिसत होतं. या महिन्यात डुलणारे उंदीर घेतले, बाबांचाच दोष असलेले. अकरा पेशी तपासल्या. अकराही वेळा रेघ सपाट. आवरणारं कुणी नाहीच!

माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठले. सर कधी उठत नाहीत.

घरी येऊन बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं. 'म्हणजे ती जोडणीच गेली म्हण की,' एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

२० फेब्रुवारी

बाबा फिरायला गेले नाहीत. 'जे नाहीच, त्याला व्यायाम कसला?'

२५ फेब्रुवारी

आजही नाही. काठी कोपऱ्यात. माझ्याशी नीट बोलतात, तेच जास्त लागतं.

२६ फेब्रुवारी

सर शुक्रवारी परिषदेत हे सांगणार आहेत. मी आपली खात्रीसाठी एक धडधाकट उंदीर घेतला. रेघ सपाट! दुसरी पेशी — सपाट! वा.

मग नळ्यांकडे पाहिलं. जुळ्या बहिणी. कोणती कोणती, देव जाणे. ते औषध काय करतं? आवरण्याचे निरोप बंद करतं. तीन आठवडे मी औषधाच्या नळीतून खारं पाणी सोडत होते.

कोरी नळी लावली. डुलणारा उंदीर. पडद्यावर खळगे — एक, दोन, पाच, मोजायचं सोडून दिलं. जोडणी जागच्या जागी, ठणठणीत. दोष दुसरीकडेच कुठेतरी आहे. कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

२७ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, 'शुक्रवारपर्यंत गप्प बसता येईल का?'

'नाही.' इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

'नळीला पट्टी का नव्हती?'

'जिन्यात आहे, सर.'

पुढे त्यांनी विचारलं नाही. परिषदेतून नाव काढून घेतलं. माझं प्रबंधाचं वर्षही गेलंच म्हणायचं.

२८ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं — चूक माझी, जोडणी शाबूत आहे. 'म्हणजे मी बरा होणार!' ते चटकन उठले, चपला घातल्या, काठी न घेताच लाल पट्ट्यांवर पाय ठेवत जिना उतरू लागले. मी वर उभी होते. मला 'नाही' म्हणता आलं नाही.