टेबलावरच्या माइकचा ट्रॅक

४ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, म्हणून नवी वही. त्रेपन्नाव्या वर्षी माझी पहिली नोकरी, आणि तीही स्टुडिओत. सकाळीच लेकीने फोन करून चिडवलं, की तुला स्वतःचा चष्मा शोधायला अर्धा तास लागतो, तू त्यांची गाणी काय शोधणार. मी म्हटलं, चष्मा डोक्यावर असतो म्हणून दिसत नाही. गाणी समोर असतात.

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे. लाकडी जिना प्रत्येक पायरीला कुरकुरतो. आत दोन खोल्या, मध्ये जाड काच. काचेपलीकडे गायक उभे राहायचे, अलीकडे टेबलापाशी रेकॉर्डिस्ट. सव्वीस वर्षं ह्या टेबलापाशी माझे यजमान बसले. ते जाऊन दीड वर्ष झालं. खुर्ची तीच आहे. तिच्या एका हाताचं कातडं त्यांच्या कोपराने झिजलेलं आहे. मी त्याच बाजूला कोपर ठेवते.

स्टुडिओची मालकीण माझ्याहून पुष्कळ लहान, पण सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती मला काकू म्हणते. हिशेब बरोबर आहे असं दोघींनाही वाटतं.

काम असं: ह्यांची शेवटची सात गाणी ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये भरली होती, तो बनवणारी कंपनी बंद पडली. नव्या प्रोग्रॅममध्ये ती उघडत नाहीत. म्हणून एकेका गाण्यातला एकेक ट्रॅक, म्हणजे ड्रम वेगळे, व्हायोलिन वेगळं, गाणारीचा आवाज वेगळा, अशी फाईल काढायची आणि नव्यात नेऊन ठेवायची. सगळ्या फायली शून्यापासून काढायच्या, सुरुवातीच्या शांततेसकट. ती शांतता कापली, तर व्हायोलिन गाणारीला सोडून पुढे पळतं. शेवट मात्र शेवटचा सूर विरला की लगेच कापायचा, उगाच जागा अडवायची नाही. नव्यात सगळं नीट आलं की जुनं पुसायचं.

शाळा मी सातवीत सोडली. पुढचं सगळं वाचून शिकले. ह्या प्रोग्रॅमचं जाडजूड पुस्तकही डिक्शनरी शेजारी ठेवून दोन महिन्यांत संपवलं. कथानक बेताचंच होतं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

नोकरी का धरली ते ताईला सांगितलं नाही. इथे लिहिते.

ह्यांचा आवाज आमच्या घरात कुठेच नाही. जन्मभर लोकांचे आवाज भरून ठेवले, स्वतःचा कधी भरला नाही. मोबाईलवर लग्नाकार्याचं चित्रण आहे, पण कॅमेरा ह्यांच्याच हातात, आणि हे अबोल. तीन महिन्यांमागे एकदा मला त्यांचा आवाज आठवेना. शब्द आठवतात, आवाज नाही. त्या दिवशी भाजी चिरता चिरता खाली बसले.

मग आठवलं, की रेकॉर्डिस्टच्या टेबलावर एक छोटा माइक असतो. काचेपलीकडच्या गायकाशी बोलायला. प्रत्येक गाण्यात त्याचाही एक ट्रॅक असतो. नव्या प्रोग्रॅममध्ये नेताना सगळे जण तो टाकून देतात, कारण त्यात संगीत नसतं. मी ताईला विचारलं, तो नेऊ का. ती म्हणाली, काकू, कचरा आहे तो, पण तुमची हौस असेल तर न्या.

दुपारी पहिलं गाणं उघडलं. टेबलाचा ट्रॅक लावला. खरखर. मग हे म्हणाले, "शांत. टेक दोन."

चार सेकंद. मी रुमाल शोधत बसले. तोही डोक्यावर नव्हता.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं गाणं नव्या प्रोग्रॅममध्ये नेलं. तपासायचं म्हणून ह्यांचा ट्रॅक एकदा लावला. स्वच्छ आला. जुनं पुसलं.

नव्यात एक ट्रॅक जास्त दिसतो आहे. मी आणलेला नाही. नाव आहे 'पंखा'. ऐकला तर पंख्याचाच आवाज, ह्या खोलीतल्या, त्या एका टकटकीसकट. कधीतरी माइक चालू राहिला असेल. हे नावं अशीच द्यायचे, एका शब्दाची.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई येऊन गेली. म्हणाली, पंख्याला तेल दिलंत का काकू, अगदी गप्प झालाय. मी वर पाहिलं. पंखा गरगरत होता. वारा लागत होता. आवाज नव्हता.

आज दुसरं गाणं नेलं. ह्यांचं "शांत, टेक एक" लावून पाहिलं. संध्याकाळी जिना उतरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं. परत वर जाऊन पुन्हा उतरले. एकही पायरी कुरकुरली नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या गाण्यात जास्तीचा ट्रॅक आहे. 'जिना'.

मी भित्री बाई नाही. ह्यांना पोचवून आल्यावर त्या घरात एकटी झोपले आहे. प्रोग्रॅमचं पुस्तक पुन्हा काढलं. आपोआप तयार होणाऱ्या ट्रॅकबद्दल त्यात काही नाही.

तिसरं आणि चौथं नेलं. थांबायला हवं होतं, पण प्रत्येकात हे आहेत. तिसऱ्यात खोकतात. चौथ्यात कुणाला तरी हसतात. हसणं तर मी साफ विसरून गेले होते.

१३ फेब्रुवारी, बुधवार

घरातलं भिंतीवरचं घड्याळ चालतं, वाजत नाही. नळ सोडला की पाणी नुसतं पडतं. शेजारीण कालपासून सांगते आहे, की तिचा कुत्रा तोंड उघडतो आणि भुंकत नाही. जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन आली. किल्ल्यांचा जुडगा हलवून पाहिला. चिंध्यांचा असावा तसा.

नव्या प्रोग्रॅममध्ये सहा गाणी. जास्तीचे सहा ट्रॅक. पंखा, जिना, घड्याळ, नळ, कुत्रा, किल्ल्या.

ताईला सांगितलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, काकू, एकट्या असता, दोन दिवस सुट्टी घ्या.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी घेतली नाही. भंगारवाला उद्या जुना कॉम्प्युटर नेणार. ह्यांचं एकच गाणं राहिलं होतं. सातवं.

त्यात हे माझ्याशी बोलतात. मी डबा घेऊन आले असणार, माइक चालू असणार. म्हणतात, "अगं, तिथेच ठेव डबा. ऐकतेस ना?" मग आवाज बदलून, गायकाला, "शांत. टेक चार."

'अगं' असं दीड वर्षात कुणी म्हटलेलं नाही.

हे कसं टाकून देऊ? नेलं. तपासायला एकदाच लावलं. जुनं पुसलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लेकीचा फोन आला. रोज येतो. मी हॅलो म्हटलं. तिकडे रस्ता ऐकू येत होता, गाड्या, कुणाचं तरी बोलणं. ती नाही. मग जावई फोनवर आला. सकाळपासून तिचा आवाज बसला आहे, म्हणाला. बसला म्हणजे घोगरा नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, घसा अगदी चांगला आहे.

स्टुडिओत पळत आले. सातव्या गाण्यात खाली नवा ट्रॅक. 'लेक'.

लावला. "आई, बोल ना. आई, ऐकू येतंय का?"

१६ फेब्रुवारी, शनिवार

आता कळलं. माझीच चूक.

लग्नानंतर एकदा इथे बसून रेकॉर्डिंग पाहिलं होतं. हे "शांत" म्हणायचे आणि काचेपलीकडे कुणी श्वासही घ्यायचं नाही. गाणं संपायचं, शेवटचा सूर विरायचा, त्यानंतर हे म्हणायचे, "हं, झालं." मग सगळे खोकायचे, खुर्च्या सरकायच्या, हसायचे.

ते "झालं" सुराच्या नंतर असायचं. मी सुरावर कापलं. सातही वेळा.

"शांत" म्हटलेलं आलं आहे. "झालं" कुठेच नाही. जुनं पुसलं. कॉम्प्युटर भंगारात गेला. दुकानात जाऊन आले — फोडून सुटे भाग केले होते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

मीच ट्रॅकवर "झालं" म्हणून पाहिलं. काही झालं नाही. माझं ऐकायचं कुणी.

मग पहिल्या गाण्यातला ह्यांचा ट्रॅक पुसला. कायमचा. डोक्यावरचा पंखा टकटकला.

म्हणजे उपाय आहे.

जिना. घड्याळ. नळ. खोकला गेला. हसणं गेलं. शेजारणीचा कुत्रा भुंकतो आहे, ती गेटपाशी रडत होती. किल्ल्याही वाजल्या.

सहा पुसले. सातवा उद्या. लेकीसाठी काय, कुणीही पुसेल. उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

पुसला नाही.

लेक चिठ्ठ्या लिहून बोलते. तिच्या ऑफिसात हसतात तिला. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगू — तुझा आवाज माझ्याकडे आहे म्हणून?

पुसण्याआधी एकदा लावला. पाच सेकंदांचं तर आहे. लावला की काहीतरी जातं, हे मला माहीत होतं. माहीत असून लावला.

"अगं, तिथेच ठेव डबा. ऐकतेस ना?"

ऐकते आहे.

नवा ट्रॅक आला. अजून नाव नाही. आवाजाची रेघ सरळ.

२० फेब्रुवारी, बुधवार, सकाळी

नाव आलं. 'श्वास'.

रेघ सरळ राहिलेली नाही. वर जाते, खाली येते. हळू. बारीक होत चालली आहे —

जावयाचा फोन. रात्रीपासून तिला दम लागतो आहे. दवाखान्यात न्यायला निघाले, पण तिने चिठ्ठी लिहिली, आधी आईकडे. इकडेच येत आहेत.

पुसते. येण्याआधी पुसते.

त्याच दिवशी

आले. जिना कुरकुरला. जावई खाली गाडी लावतो आहे. ती वर आली, चुकून पलीकडच्या खोलीत शिरली. काचेपलीकडे उभी आहे. एक हात छातीवर, एक काचेवर. ओठ हलतात. आई म्हणते आहे.

रेघ जवळजवळ —

ह्यांचा ट्रॅक निवडला आहे. डाव्या हाताचं बोट डिलीटवर आहे. दाबायचं फक्त. ती माझ्याकडे बघते आहे, आणि मी —

हा गेला की ते कुठेच नाहीत. कुणाच्याच कानात नाहीत. पुन्हा कधीच —

पाच सेकंद. तेवढा दम तिला आहे. माझीच लेक आहे, तेवढा आहे. एकदा ऐकते, शेवटचं, आणि लगेच